पहिली माळ आणि अठ्ठेचाळीस तास

साडेतीन स्टार देतेय. पाच द्यायचं मनात होतं. पण फोन न उचलणं हा वकिलांचा धर्म असेल, तर दीड स्टार कापणं हा माझा धर्म. फर्मचं नाव लिहीत नाही. लशीच्या सुईने माझा खांदा धरला, त्याच्या भरपाईची केस त्यांनी नीट लढवली, तक्रारी माझ्या आहेत, आणि नाव घेऊन उणंदुणं काढायची इच्छा नाही. हे लिहितेय ते आपल्यापैकी ज्यांचा खांदा लशीनंतर धरलाय आणि जे 'होईल बरं' म्हणत बाम चोळत बसलेत त्यांच्यासाठी.

२४ सप्टेंबर २०२२, शनिवार. सोमवारी घटस्थापना, म्हणून आम्ही इथे न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर पूजेचं सामान आणायला निघालो होतो. वाटेत फार्मसी लागली. दरवर्षीसारखी फ्लूची लस घेऊन टाकू म्हटलं. मी पूर्ण बाह्यांचा घट्ट स्वेटर घातलेला. बाही वर सरकेना, म्हणून गळ्याकडून ओढून खांदा उघडा केला. टोचणारा मुलगा घाईत, उभ्या उभ्या, मी खुर्चीत बसलेली. सुई गेली तेव्हाच वाटलं, ही नेहमीपेक्षा वर गेली. घरी येऊन आरशात पाहिलं तर बँडेज पर्सचा पट्टा जिथे बसतो तिथे, अगदी हाडाच्या कडेला. इंजेक्शनची जागा त्या हाडाच्या खाली दोन-तीन बोटं असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

त्या रात्री साडेदहाला पुण्याच्या ताईला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं: 'अगं लस घेतली आज, खांद्यात असा ठणका लागलाय की कूस बदलता येत नाहीये.' तिकडे सकाळचे आठ. तिने उत्तर दिलं, 'गरम पाण्याने शेक.' या दोन ओळींनी पुढे मला किती तारलं ते येईलच.

सोमवारी सकाळी घट बसवला आणि पहिली माळ बांधायला डावा हात वर केला. कानापर्यंत गेला आणि अशी कळ आली की माळ खाली पडली. मग नवरा स्टुलावर चढला, त्याने बांधली, आणि लेकीने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'बाबा ऑन ड्यूटी'. नऊच्या नऊ माळा त्यानेच बांधल्या. दसऱ्याला चक्का टांगायलाही तोच. मी मात्र डॉक्टरकडे गेले नाही. लशीनंतर हात दुखतोच, असं सगळेच म्हणतात. शिवाय नवरात्र, मग ऑफिसात तिमाहीचे हिशोब. १९ ऑक्टोबरला गेले, तेव्हा ब्लाउजचा मागचा हूक लावणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते.

तिथे नर्सने विचारलं, कधीपासून दुखतंय? माझ्या डोक्यात होतं 'दोन-चार आठवडे झाले असतील'. तोंडातून निघालं 'अ कपल ऑफ वीक्स'. तिने टाइप केलं: डाव्या खांद्यात वेदना, दोन आठवड्यांपासून. लशीचं मी बोलले होते, ते तिने टाइपच केलं नाही. आपल्या मराठी 'दोन-चार'ची किंमत मला सव्वादोन वर्षांनी कळली.

ऑर्थोपेडिककडे एमआरआय झाला. त्याने तपासणीच्या टेबलावरच्या कागदावरच चित्र काढून समजावलं. खांद्याच्या हाडाखाली, स्नायूच्या वरच्या भागाखाली, बर्सा नावाची एक पातळ पिशवी असते, घर्षण होऊ नये म्हणून. लस स्नायूत जायला हवी. ती जास्त वर टोचली तर या पिशवीत जाते, आणि लशीने शरीराचा जो प्रतिकार जागा व्हायचा तो तिथल्या तिथे भडकतो. पिशवी सुजते, माणूस हात हलवायचं टाळतो, आणि खांदा जखडत जातो. याला, लस टोचण्यातून झालेल्या खांद्याच्या इजेला, ते 'सिर्व्हा' म्हणतात. म्हणजे दोष लशीचा नाही, सुई कुठे गेली त्याचा आहे. हे ठळक सांगते, कारण माझी केस कळल्यावर एका काकांनी तीच गोष्ट लशीविरोधी फॉरवर्डला जोडून चार ग्रुपवर फिरवली. काका, मी दरवर्षी फ्लूची लस घेते. आता बिनबाह्यांचा कुर्ता घालून जाते आणि टोचणाऱ्याला आधी स्टूल घेऊन समोर बसायला सांगते, एवढंच.

वकिलापर्यंत कशी पोचले? पीटीला, म्हणजे फिजिओथेरपीला, येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की यासाठी भरपाईचा वेगळा सरकारी कार्यक्रम आहे. मी घरी येऊन म्हटलं, तर नवऱ्याचा पहिला प्रश्न: 'सरकारवर केस? आपल्या ग्रीन कार्डचं काय?' दुसरा: 'वकील फुकट कसा असेल, यात काहीतरी गोम आहे.' दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला फर्मच्या पहिल्या फोनवर मिळाली, आणि त्या पहिल्या फोनला मी पूर्ण स्टार देते. वीस मिनिटं, घाई नाही, मोठी आश्वासनं नाहीत. कुठली लस, कोणती तारीख, कोणता हात, त्या खांद्याला आधी काही झालं होतं का, पहिल्यांदा डॉक्टरकडे कधी गेलात, अजून दुखतंय का. शेवटचा प्रश्न ऐकून मला वाटलं, सहानुभूती. नव्हती. त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला असेल तरच दावा उभा राहतो, म्हणून विचारलं होतं. अपवाद म्हणजे हॉस्पिटलात भरती होऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर. आमचं हे बोलणं जानेवारी २०२३ मधलं. तेव्हा चारच महिने झाले होते, त्यामुळे त्यांनी सांगितलं, पीटी चालू ठेवा, कागद गोळा करू, सहा महिने उलटल्यावर अर्ज. शेवटची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं.

ग्रीन कार्डचा याच्याशी काही संबंध नाही, नागरिक असण्याची अट नाही. आणि ही केस फार्मसीवर किंवा त्या घाईतल्या मुलावर नसतेच. कागदावर समोरचा पक्ष म्हणजे अमेरिकेचे आरोग्य खात्याचे मंत्री. १९८६ च्या कायद्याने ही सोय झाली आणि १९८८ पासून ती चालू आहे. चूक कुणाची ते सिद्ध करायचं नसतं. फ्लूच्या लशीच्या प्रत्येक डोसवर ७५ सेंट कर असतो, तो एका निधीत जातो, आणि भरपाई त्यातून. म्हणजे माझा खांदा धरणाऱ्या त्या सुईनेही ७५ सेंट त्या गल्ल्यात टाकले होते. बरं वाटलं ऐकून, का ते सांगता येणार नाही.

गोम मात्र नव्हती. करार मी तीनदा वाचला, मी हिशोबनीस आहे, तळटिपा वाचणं हीच माझी नोकरी. रूट १ वर अपघाताच्या वकिलांचे मोठमोठे फलक दिसतात ना, जिंकलो तर साधारण तिसरा हिस्सा आमचा, तसं इथे चालतच नाही. कायद्यानेच वकिलाला तुमच्या रकमेतून काही घेता येत नाही. त्याची फी त्याच निधीतून, कोर्ट तासांचा हिशोब तपासून मंजूर करतं, आणि दावा प्रामाणिक व साधार असेल तर हरल्यावरही मिळते. अर्जाची कोर्ट फी तेव्हा ४०२ डॉलर होती, तीही त्यांनीच भरली. कोर्ट वॉशिंग्टनमध्ये, फर्म दुसऱ्याच राज्यात, आणि मी घरातून बाहेरही पडले नाही. त्या कोर्टाच्या साइटवर वकिलांची यादी आहे, त्यामुळे 'आमच्या गावात कोणी नाही' हे कारण चालणार नाही.

आता दीड स्टार कुठे गेले ते.

ऑगस्ट २०२३ ला अर्ज दाखल झाला. त्याआधी त्यांनी माझे कागद मागवले, आणि इथे एक गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नाही: लशीच्या आधीच्या तीन वर्षांचे सगळे मेडिकल रेकॉर्ड द्यावे लागतात. सगळे म्हणजे सगळे. खांद्याचा त्रास आधीपासून नव्हता हे दाखवायला. माझ्या मेनोपॉजच्या तक्रारी, डर्मॅटॉलॉजिस्टकडचा तीळ, सगळं सरकारी वकिलांच्या टेबलावर. लपवण्यासारखं काही नव्हतं, पण साधा एक फोन करून 'बाई, असं असं मागावं लागेल' म्हणायला काय हरकत होती? सह्यांचे फॉर्म आले, मी केल्या, मग वाचलं.

मग अर्ज करून जी शांतता पसरली ती पसरलीच. सरकारच्या बाजूने केस तपासायलाच वर्षाहून जास्त लागतं, रांग तेवढी मोठी आहे, हे मान्य. पण त्या काळात मी केलेल्या ईमेलला दहा-बारा दिवसांनी एका ओळीचं उत्तर यायचं. मुख्य वकीलबाईंशी मी अडीच वर्षांत चारदा बोलले. बाकी सगळं पॅरालीगलकडून, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाकडून, आणि पॅरालीगल तीनदा बदलले. प्रत्येक नवा माणूस आला की पहिला ईमेल तोच: तुमचे पीटीचे रेकॉर्ड मिळाले नाहीत. मी तीनदा पाठवले. चोवीस सेशनचे, प्रत्येकात हात किती अंशांपर्यंत वर जातो ते लिहिलेलं. पहिल्या दिवशी ८५, शेवटच्या दिवशी १६०. मला ते आकडे आता फोन नंबरासारखे पाठ आहेत.

आणि मग जानेवारी २०२५ मध्ये सरकारचा अहवाल आला: भरपाईला विरोध. कारण? डॉक्टरच्या पहिल्या कागदावर 'दोन आठवड्यांपासून'.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. या कार्यक्रमात एक तक्ता असतो. कुठल्या लशीनंतर कुठला त्रास किती वेळात झाला तर तो लशीमुळेच मानायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. खांद्याची दुखापत त्यात २०१७ च्या मार्चपासून आली. (२०२१ च्या जानेवारीत ती काढून टाकायचा नियमही निघाला होता, पण अंमल होण्याआधी सरकार बदललं आणि एप्रिलमध्ये नियम मागे घेतला.) तक्त्याची अट अशी: दुखणं टोचल्यापासून ४८ तासांत सुरू व्हायला हवं, त्याच खांद्यापुरतं हवं, आधीचा त्रास नको, दुसरं कारण नको. माझं सगळं जुळत होतं. फक्त कागदावर १९ ऑक्टोबरमधून दोन आठवडे वजा केले की येतो दसरा. लशीनंतर अकरावा दिवस.

माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगते, या टप्प्यावर वकीलबाईंनी जे काम केलं त्यासाठी मी त्यांचे बाकीचे गुन्हे अर्धे माफ केले. त्यांनी दीड तास फोनवर बसून मला एकच गोष्ट विचारली: त्या शनिवार-रविवार-सोमवारी घरात काय काय झालं, तासातासाने सांगा. मी सांगत गेले. स्वेटर, ओक ट्री रोड, ताईचा मेसेज, घट. त्या मधेच म्हणाल्या, 'थांबा, ही माळ म्हणजे काय?' मी समजावलं, नऊ दिवस रोज एक माळ घटावर बांधायची. 'रोज? उंचावर? आणि पहिली कधी?' सोमवारी सकाळी साडेआठ. पलीकडे पेनाचा आवाज आला. शनिवारी दुपारी साडेतीन ते सोमवारी सकाळी साडेआठ, एकेचाळीस तास. मग त्या म्हणाल्या, 'फोटो आहे?'

होता की. बाबा ऑन ड्यूटी. तारीख-वेळेसकट.

नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र झालं, लेकीचं झालं. जो माणूस दोन वर्षं 'गोम आहे, गोम आहे' म्हणत होता त्याने शपथेवर लिहून दिलं की २६ सप्टेंबरच्या सकाळी बायकोचा हात कानाच्या वर जात नव्हता म्हणून मी स्टुलावर चढलो. घटस्थापना म्हणजे काय यावर एक परिच्छेद त्यात घातला. अमेरिकेच्या कोर्टाच्या दप्तरात आमच्या घटाची नोंद आहे.

उरला ताईचा मेसेज. मराठीत असल्यामुळे त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागलं. फर्मने कुठल्यातरी एजन्सीकडून करून घेतलं आणि माझ्याकडे तपासायला पाठवलं. बरं झालं पाठवलं. 'ठणका'चं त्यांनी केलं होतं 'सम डिसकम्फर्ट'. थोडीशी अस्वस्थता! ज्या ठणक्याने मी रात्रभर उशी छातीशी धरून बसले होते तो ठणका. मी पॅरालीगलला (तिसऱ्या) फोन लावला, आणि त्या दिवशी, चमत्कार, त्याने उचलला. त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे दुखण्याला एकच शब्द नाही. कळ येते, चमक निघते, सल राहतो, रग लागते, ठसठसतं, ठणकतं. ठणका म्हणजे दाढ ठणकते तसा, नाडीच्या ठोक्याबरोबर. त्याने मुकाट्याने 'थ्रॉबिंग पेन' करून घेतलं. 'कूस बदलता येत नाही' मात्र एजन्सीने बरोबर केलं होतं.

निर्णय स्पेशल मास्टर, म्हणजे या केसेस बघणारे कोर्टाचे अधिकारी, देतात. या कोर्टात ज्युरी नसते, आणि माझ्या केसमध्ये प्रत्यक्ष सुनावणीही झाली नाही, सगळं कागदावर. पुराव्याची पातळी 'अर्ध्याहून थोडं जास्त' एवढी लागते, तागडीत एक तुळशीचं पान जास्त पडलं तरी पुरे. त्यांनी लिहिलं की डॉक्टरच्या कागदावर सहसा भिस्त ठेवली जाते, पण 'दोन आठवडे' हा ढोबळ अंदाज दिसतो आणि त्याच रात्रीचा मेसेज आणि फोटो त्याहून नेमके आहेत. ते वाचताना मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. पैशासाठी नाही. पहिल्यांदाच कुणीतरी लिहून दिलं होतं की त्या बाईला त्या दिवसापासूनच दुखत होतं.

पैशाचं थोडक्यात. वेदनेसाठी कायद्याने वरची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, पण आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. शस्त्रक्रिया न झालेल्या खांद्याला त्याच्या जवळपासही काही मिळत नाही. सरकारने आधी ४२,००० म्हटलं, आम्ही ७५,००० मागितले, ५७,५०० वर जुळलं, आणि खिशातून गेलेले कोपे (विमा असूनही डॉक्टरकडे आपण भरायचा वाटा) वगैरे १,८४६ डॉलर वेगळे. कोपेची एकेक पावती मी ठेवली होती, तिथे त्यांनी एक सेंटही कमी केला नाही. भाव कसा ठरतो ते कळावं म्हणून मी रात्री बसून कोर्टाच्या साइटवर जुने निकाल वाचायचे. ते सगळ्यांना उघडे असतात, नावासकट. किती जणांचे खांदे! कुणाला नातवाला उचलता येईना, कुणाला केस विंचरता येईनात. माझाही निकाल तिथे आहे. चौदा दिवसांत नाव झाकायची विनंती करता येते, हे फर्मने वेळेवर सांगितलं, त्याबद्दल आभार. मी केली नाही. आळस म्हणा.

कोव्हिडच्या लशीने खांदा धरला असेल तर हा सगळा मजकूर तुम्हाला लागू नाही. माझ्या मैत्रिणीचं तसंच झालं आणि ती माझं बघून याच फर्मकडे गेली. त्यांनी पाच मिनिटांत नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. त्या लशीसाठी वेगळा कार्यक्रम आहे: मुदत एकच वर्ष, वेदनेचे पैसे नाहीत, वकिलाची फी नाही. तिचं वर्ष उलटून गेलं होतं. मला त्या शनिवारी दोन्ही लशी एकदम घ्यायच्या का विचारलं होतं. मी 'एका वेळी एकच' म्हटलं होतं, ते केवळ घटस्थापनेला ताप नको म्हणून.

तर फर्म कुणासाठी? ज्यांना हातात हात घेऊन चालणारा वकील हवा त्यांच्यासाठी नाही. जे स्वतः फाइल बनवतील, आठवण करून देत राहतील, त्यांच्यासाठी चांगली. आणि फाइल उघडायच्या आधी डॉक्टरकडे जा, त्याच आठवड्यात, आणि लशीची तारीख सांगून ती कागदावर आली का ते पोर्टलवर वाचा. 'दोन-चार' म्हणू नका.

हात आता १६० अंशांवर आहे. मागचा हूक लागतो, थंडीत जरा कुरकुरतो.

पैसे येऊन चार महिने झाले, केस बंद. गेल्या मंगळवारी फर्मकडून ईमेल आला, नवीन पॅरालीगल, चौथा. तुमचे पीटीचे रेकॉर्ड अजून मिळालेले नाहीत, कृपया पाठवावेत.

पाठवून दिले.